तोच वेग, मग घरीच धाप का लागते?

पाऊस लागला की पुळणीवरचं आणि रस्त्यावरचं चालणं बंद पडतं आणि या सदराकडे ट्रेडमिलची पत्रं येऊ लागतात. यंदा बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : जिममध्ये जमत होतं, घरी जमत नाही. सगळ्यांत सविस्तर पत्र आधी घेतलं आहे.

प्रश्न : जिममध्ये ६ च्या वेगाने ४० मिनिटं आरामात चालत होते. मे महिन्यात घरी मशीन घेतलं आणि पडवीत ठेवलं. आकडा तोच ६, चढ शून्य. तरी पंधराव्या मिनिटाला धाप लागते आणि पोटऱ्या भरून येतात. घरचे म्हणतात, तुझी सवय गेली. दोष मशीनमध्ये की माझ्यात?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पायांवर संशय घेण्याआधी चढ, वेग आणि हवा या तीन गोष्टी मोजून घ्या. पत्रात ‘पडवी’ आणि ‘पोटऱ्या’ असे दोन शब्द एकत्र आले आहेत, म्हणून आमचा पहिला संशय चढावर आहे.

पडवीची जमीन सपाट दिसते, पण तशी नसते. पावसाची झड आत आली तर पाणी खळ्याकडे निघून जावं म्हणून गवंडी तिला मुद्दाम बाहेरच्या अंगाला उतार देतो. मीटरला एक सेंटिमीटर हा त्याचा नेहमीचा हिशोब. मशीनचं तोंड घराच्या भिंतीकडे असेल तर ‘शून्य’ दाखवत असतानाही तुम्ही एक टक्का चढ चढत आहात. त्यात काही घरगुती मशिनांचा पट्टा मुळातच पुढून जरा उंच असतो आणि डिस्प्ले त्यालाच शून्य म्हणतो. दोन्हींची बेरीज तीन टक्क्यांवर सहज जाते.

तीन टक्के म्हणजे किती? चालताना शरीर किती ऑक्सिजन वापरतं हे काढायचं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं एक सूत्र आहे. त्यानुसार ताशी ६ किलोमीटरला सपाटीवर शरीराच्या दर किलोला मिनिटाला १३.५ मिलिलीटर ऑक्सिजन लागतो. दोन टक्के चढावर तो १७.१ होतो आणि तीन टक्क्यांवर १८.९. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उतारामुळे मेहनत ४० टक्क्यांनी वाढली. धावणाऱ्याला हा चढ त्या मानाने कमी बोचतो, कारण त्याचा मूळ खर्चच मोठा असतो. चालणाऱ्याला मात्र तो लगेच पोटऱ्यांत जाणवतो.

मोजायचं असं. प्लग काढा. पट्ट्यावर लांबीच्या दिशेने एक मीटरची सरळ पट्टी ठेवा आणि तिच्यावर गवंड्याची पाणसळ. पट्टीचं मागचं टोक बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचला आणि त्या टोकाखालची फट मोजा. जितके सेंटिमीटर, तितके टक्के चढ. मागच्या पायांना फिरकीचे स्क्रू असतील तर त्यांनी मागची बाजू वर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर मागच्या दोन्ही पायांखाली मशीनच्या पूर्ण रुंदीची एकच फळी सरकवा. चिऱ्याचे किंवा विटांचे दोन तुकडे ठेवू नका, हादऱ्यांनी ते सरकतात. मशीन उलट्या दिशेला फिरवणं हाही उपाय आहे, पण मग पट्टा पुढे उतरता झाला नाही ना ते पुन्हा मोजा. उतारावर धाप कमी लागते, पण मांडीचा पुढचा भाग आणि गुडघे तक्रार करतात. आडवी पाणसळही बघून घ्या. मशीन एका कुशीला कललेलं असेल तर पट्टा सतत त्या बाजूला सरकत राहतो.

आता वेग. स्क्रीनवरचा ६ हा पट्ट्याचा खरा वेग असेलच असं नाही. पट्ट्याच्या कडेला खडूची ठळक खूण करा आणि प्लग काढलेला असताना पट्टा हाताने ओढत, शिंप्याच्या टेपने टप्प्याटप्प्याने त्याची पूर्ण लांबी मोजा. समजा ती २.७ मीटर भरली. आता मशीन ६ वर चालवा आणि खूण २० वेळा समोरून जायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर बघा. पट्टा खरोखर ६ ने चालत असेल तर ३२.४ सेकंद लागतील. २९ सेकंदांतच २० फेऱ्या झाल्या तर खरा वेग ६.७ आहे. हिशोब सोपा : लांबी (मीटर) × २० × ३.६, भागिले सेकंद. ही मोजणी एकदा रिकाम्या पट्ट्यावर करा आणि एकदा तुम्ही चालत असताना दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा. दुसरी मोजणी का, ते पुढच्या उत्तरात येईल.

६ आणि ६.७ मधला फरक किरकोळ वाटतो, पण तो अडनिड्या जागी पडतो. ताशी ७ च्या आसपास बहुतेकांचं चालणं संपून धावणं सुरू होतं. त्या सीमेवर रेटून चाललं की नडगीच्या पुढचा स्नायू जळजळतो. म्हणून दुखणं कुठे आहे ते नीट बघा. पोटरी भरली तर आधी चढ तपासा, नडगी जळाली तर वेग. पाय ठीक असून नुसतं तोंड लाल होत असेल आणि छाती धडधडत असेल तर हवेकडे बघा.

हवेचं प्रकरण आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांत मोठं आहे आणि लोक तेच विसरतात. ६ च्या वेगाने तासभर चालणाऱ्या ७० किलोच्या माणसाचे साधारण २८० किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यातली बहुतेक शरीरात उष्णता होऊन उरते. एक लिटर घाम अंगावर सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे अर्धा लिटर घाम सुकला तरी काम झालं. अट एकच, तो सुकला पाहिजे. जुलैतल्या दमट पडवीत तो सुकत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम गारवा देत नाही. मग रक्त कातडीकडे वळवून उष्णता बाहेर टाकायची पाळी हृदयावर येते. पायांचं काम तेवढंच राहतं, पण नाडी चढत जाते. जिममध्ये एसी हवा कोरडी करतो, म्हणून तिथे हे कळत नाही. शिवाय रस्त्यावर ६ ने चालताना ६ चा वारा आपोआप अंगावर येतो. ट्रेडमिलवर तुम्ही जागच्या जागी असता, वारा शून्य.

उपाय : स्टँडचा पंखा समोर दीड-दोन मीटरवर, छातीच्या उंचीला, पूर्ण वेगात. छताचा पंखा डोक्यावर हवा टाकतो, त्याचा उपयोग निम्माही नाही. फरक ताडून बघायचा असेल तर एकाच वेगाला दहाव्या आणि तिसाव्या मिनिटाला नाडी मोजा. पंख्याशिवाय ती १५-२० ठोक्यांनी चढत असेल आणि पंख्यासमोर ५-१० नीच, तर सवय गेलेली नाही, हवा कोंदट आहे. मात्र छातीत दाब, चक्कर किंवा नेहमीच्या कामातही दम लागणं यांपैकी काही असेल तर हे प्रयोग बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

उरलेला फरक मशीनच्या अंगकाठीचा. जिममधला पट्टा ५० ते ५५ सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटरच्या पुढे लांब असतो. घरचा बहुधा ४० ते ४५ रुंद आणि सव्वा मीटरच्या आसपास लांब. जागा अरुंद झाली की माणूस नकळत पावलं आखडतो, खाली बघत चालतो, खांदे ताठ धरतो. तेवढ्याच वेगाला पावलं जास्त पडतात. आणि एक, ज्याची कबुली कुणी देत नाही : जिममधल्या मशीनला लांब दांडे असतात आणि बरेच जण त्यांना धरूनच चालतात. दांडा धरला की वजनाचा काही भाग हातांवर जातो आणि मेहनत घटते. घरच्या मशीनचे दांडे आखूड, त्यामुळे हात सुटतात. तुम्ही जिममध्ये दांडा धरत होता का, ते तुमचं तुम्हीच आठवा.

प्रश्न : पाऊल टाकलं की पट्टा क्षणभर अडखळतो आणि मग झटका देऊन पुढे जातो. सकाळी कमी, संध्याकाळी ७ ते ९ मध्ये फार. माझं वजन ८८ किलो. मोटर ‘४ हॉर्सपॉवर’ आहे असं खोक्यावर लिहिलंय, मग ताकद कमी कशी पडते?
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : सकाळ-संध्याकाळचा फरक तुम्हीच लिहिलात, त्यात अर्धं उत्तर आहे. पण आधी त्या ४ हॉर्सपॉवरचं बघू. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. मशीनला ६ अँपिअरची साधी पिन असेल तर २३० व्होल्टला ती जास्तीत जास्त १३८० वॅट घेणार. म्हणजे काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी १.८५ हॉर्सपॉवर. खोक्यावरचा ४ हा ‘पीक’ आकडा आहे, क्षणभर गाठायचा. तासभर टिकणारी ताकद ‘कंटिन्युअस’ या शब्दापुढे लिहिलेली असते आणि ती बहुधा निम्म्याच्या आसपास निघते. जिममधल्या मशिनांत दिवसभर न थकणारी मोठी मोटर असते, बहुधा एसी म्हणजे अल्टरनेटिंग करंटवर चालणारी. जाड रोलर आणि जड सांगाडाही टाच आदळल्यावर पट्टा हलू देत नाही.

टाच टेकते तेव्हा वजन पट्टा फळीवर दाबतं, घर्षण वाढतं आणि कमकुवत मोटर मंदावते. कंट्रोल बोर्डाला ते कळेपर्यंत पाऊल उचललं जातं आणि पट्टा उसळी घेतो. मिनिटाला शंभरावर पावलं, म्हणजे शंभर वेळा शरीराला तोल सावरावा लागतो. थकवा त्यातून येतो. वरच्या उत्तरातली खडूची मोजणी रिकाम्या आणि चालत्या पट्ट्यावर करायला सांगितली ती यासाठीच. रिकाम्यावर ३२ सेकंद आणि तुम्ही वर असताना ३६ येत असतील तर पट्टा तुमच्या वजनाखाली दबतो आहे.

दुरुस्ती फुकटातल्या उपायापासून सुरू करा. आधी तेल (पुढचं उत्तर बघा), कारण कोरडा पट्टा हे अडखळण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे. तेलानेही झटका राहिला तर ताण. मशीन बंद ठेवून पट्ट्याची कड मध्यभागी हाताने उचला. फळीपासून ५ ते ७ सेंटिमीटर उचलली गेली तर ताण बरोबर. त्याहून सैल असेल तर मागच्या रोलरचे दोन्ही बोल्ट ॲलन कीने पाव-पाव फेरा आवळा, दोन्हीकडे सारखेच, आणि चालून बघा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. झटका जात नाही म्हणून आवळतच गेलात तर बेअरिंग आणि मोटर दोन्ही जातील. मोटरपासून पुढच्या रोलरकडे जाणारा छोटा बेल्टही घसरत असतो. पट्टा थांबला पण पुढचा रोलर फिरतच राहिला, तर मोठा पट्टा सैल. रोलरही थांबला आणि मोटर फिरत राहिली, तर छोटा. हे तपासताना हात आत घालू नका. झाकण मेकॅनिककडूनच उघडून घ्या.

आता संध्याकाळ. लाइनच्या टोकाला असलेल्या वाडीत सातनंतर व्होल्टेज १९० वर येणं नवलाचं नाही. तेवढीच ताकद द्यायची तर करंट एक पंचमांशाने जास्त लागतो. बोर्ड तापतो, मोटर दमते. वायरमनला सॉकेटवर मीटर लावायला सांगा, एकदा मशीन बंद असताना आणि एकदा तुम्ही वर चालत असताना. मुळातच १९०-२०० असेल तर दोष बाहेरच्या लाइनचा. बंद असताना २३० आणि चालताना त्यात दहाहून जास्त व्होल्टची घट असेल तर दोष घरातल्या बारीक वायरचा, नाही तर एक्स्टेन्शन बोर्डचा. मशीनला एमसीबीपासून (मेन बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या खटक्यापासून) वेगळी २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचं सॉकेट द्या, एक्स्टेन्शन काढून टाका. बाहेरचीच लाइन पडकी असेल तर स्टॅबिलायझर, मशीनच्या पाटीवर १५०० वॅट असतील तर निदान ३ केव्हीएचा. किंवा सकाळी चाला, त्याला पैसे पडत नाहीत.

जाता जाता : जांभ्याच्या कातळावरच्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. मशीनच्या लोखंडाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर चालणं त्या क्षणी बंद करा आणि आधी अर्थिंग तपासून घ्या.

प्रश्न : पट्ट्याखाली खोबरेल चालेल का? घरचंच आहे. की शिवणयंत्राचं तेल?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : दोन्ही नको. खोबरेल चिकट होतं, खवट होतं, धूळ धरतं आणि मुंग्यांना आमंत्रण देतं. शिवणयंत्राचं तेल खनिज आहे, ते पट्ट्याच्या आतलं अस्तर खराब करतं. गंज काढायचे स्प्रे तर अजिबात नको, ते असलेलं तेलही धुऊन नेतात. फक्त शुद्ध सिलिकॉन ऑइल, ट्रेडमिलचं म्हणून बाटलीत मिळतं ते.

प्लग काढा. पट्टा कडेने उचलून, कोरडं सुती कापड आत सारून फळी पुसून घ्या. काळी भुकटी निघाली तर पट्टा बराच काळ कोरडा चालला आहे. मग दोन्ही बाजूंनी हात आत घालून जिथे पाय पडतात त्या मधल्या भागावर नागमोडी धार सोडा, प्रत्येक बाजूला सुमारे १५ मिलिलीटर. नंतर ३ च्या वेगाने पाच मिनिटं रिकामं फिरवा. रोज अर्धा तास चालणाऱ्याला तीन महिन्यांतून एकदा पुरे, पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. बोटाला ओलसर लागलं तर तेल आहे असं समजा. जास्त ओतलं तर ते कडेने बाहेर येतं आणि पट्टा रोलरवर घसरायला लागतो, म्हणजे बरं करायला जाऊन वरच्या प्रश्नातलंच दुखणं ओढवून घ्यायचं.

प्रश्न : समुद्रावर रोज पाच किलोमीटर सहज चालतो, ट्रेडमिलवर वीस मिनिटांत कंटाळून आणि दमून उतरतो. वाळूत चालणं जड म्हणतात ना, मग उलटं कसं?
— एक वाचक, दिवेआगर

उत्तर : जड असते ती कोरडी, पाय रुतणारी वाळू. तिच्यात चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, १९९८ च्या एका अभ्यासात २.१ ते २.७ पट भरली होती. ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची ओली पुळण वेगळी, तिच्यावर पाय फारसा रुतत नाही. तुम्ही तिथूनच चालत असणार. वर खाऱ्या वाऱ्याचा फुकट पंखा.

दुसरं म्हणजे किनाऱ्यावर तुमचा वेग किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाच किलोमीटरला लागलेली मिनिटं मोजा. ६५ लागत असतील तर तुमची चाल ४.६ आहे, मग मशीनवर ६ का लावता? ४.५ वर सुरू करा आणि आठवड्याला ०.२ वाढवा. बाहेर आपण शिंपल्याला थांबतो, होडीकडे बघतो, पाऊल लांब-आखूड होतं. मशीनवर प्रत्येक पाऊल आधीच्याची नक्कल, म्हणून तेच स्नायू तसेच दमतात. दर पाच मिनिटांनी वेग ०.३ ने वर-खाली करून बघा. कंटाळ्याला मात्र औषध नाही. १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांना राबवायला जी पायचक्की आणली, तिचंच नाव या मशीनला मिळालं आहे.

‘मशीनवर एक टक्का चढ ठेवावा’ असा सल्ला तुम्हाला कुणी दिला असेल तर तो सोडून द्या. बाहेरच्या वाऱ्याचा विरोध भरून काढण्यासाठी तो आहे, आणि ज्या १९९६ च्या अभ्यासातून तो आला त्यातले धावपटू ताशी साडेदहा किलोमीटरच्या पुढे पळत होते. चालणाऱ्याला वाऱ्याचा विरोध नगण्य.

प्रश्न : बिनमोटरचं स्वस्त मशीन घेतलं. दहा मिनिटांत घामाघूम. बिघडलंय का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : नाही, ते तसंच असतं. मोटरच्या मशीनवर पट्टा तुमच्याखालून सरकवला जातो, इथे तो तुम्ही पायांनी ढकलता. पट्टा सरकावा म्हणून ते चढावरच बनवलेलं असतं आणि घर्षणही पायांच्याच वाट्याला येतं. जिमच्या आकड्यांशी तुलना करू नका. पाच मिनिटं चालणं, दोन मिनिटं विश्रांती, असं तीन-चारदा करा. गुडघेदुखी किंवा न आवरलेला रक्तदाब असेल तर हे मशीन तुमच्यासाठी नाही.

प्रश्न : नोकरी मुंबईत, गावचं घर बंद. मे महिन्यात नवंकोरं ठेवून गेलेलं मशीन गणपतीला सुरू केलं तर पट्टा धडधडतो आणि पायाला उंचवटा लागतो. चार महिने प्लास्टिकने नीट झाकून ठेवलं होतं.
— एक चाकरमानी, गुहागर तालुका

उत्तर : झाकलंत तेच नडलं. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडून राहते. पट्ट्याखालची फळी बहुधा लाकडाच्या भुश्श्याच्या एमडीएफची असते, वरून गुळगुळीत थर. कडा आणि स्क्रूची भोकं उघडी असतात, तिथून ओल शिरली की फळी फुगते. पट्टा उचलून हात फिरवा. उंचवटा फळीलाच असेल तर ती बदलावी लागेल, घासून सपाट करू नका, वरचा थर गेला की पट्टा फाटतो. फळी सपाट असेल तर धडधड पट्ट्याची आहे. एका जागी महिनोन्‌महिने रोलरवर वाकून राहिला की त्याला घडी पडते. ती ३ च्या वेगाने अर्धा तास रिकामं फिरवल्यावर बहुधा कमी होते.

सुरू करण्याआधी मोटरवरचं झाकण मेकॅनिककडून काढून घ्यायला हवं होतं. बंद घरात पाली आणि मुंग्या तिथेच घर करतात, आणि बोर्डावर पाल आडवी झाली की शॉर्ट होऊन बोर्ड जातो. पुढच्या वेळी जाताना प्लग काढा (किनाऱ्यावर वीज कडाडते ती पावसाच्या आधी आणि परतीच्या पावसात, तेव्हा खटका बंद असणं पुरेसं नाही), पट्टा दोन फेरे सैल करा, रोलरच्या टोकांना आणि उघड्या बोल्टांना ग्रीसचा हात फिरवा, आणि वर जुनी सुती चादर टाका. मशीन जमिनीला टेकून न ठेवता रबरी चटईवर, भिंतीपासून हातभर दूर. शेजारी घराची किल्ली असेल तर पट्टा सैल करू नका, पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं रिकामं फिरवायला सांगा. मागे मात्र दोन मीटर जागा मोकळी हवी आणि मशीनची चुंबकाची लाल किल्ली (तिच्याशिवाय ते सुरू होत नाही) शेजाऱ्यांकडे ठेवा, नाही तर तुमच्याबरोबर मुंबईला न्या, म्हणजे गणपतीला जमलेली मुलं तुम्ही पोचण्याआधीच त्यावर चढणार नाहीत.